मेनूसकट

२० ऑक्टोबर २००९

दिवाळी आटोपली. प्रफुल आज सकाळी सुनेला घेऊन मोटरसायकलने चंद्रपूरला परत गेला. जाताना टीव्हीखालच्या तिन्ही सीड्या घेऊन गेला. एक लेकीच्या, पुनमच्या लग्नाची, एक त्याच्या स्वतःच्या लग्नाची आणि एक माझ्या सेवानिवृत्तीच्या सत्काराची. डिसेंबरात त्याच्या आईचे, वच्छलाचे वर्षश्राद्ध आहे. तोपर्यंत तिन्हींची मिळून एकच सीडी करायची आणि पाहुण्यांना द्यायची असे त्याने ठरवले आहे. लोक स्टीलचा डबा देतात, आपण डब्यात सीडी ठेवून देऊ म्हणाला.

"तशाही तुमच्या सीड्या घासल्या जी बाबा. पुनमची तं अटकून राह्यली."

ते खरे आहे. मी हो म्हटले.

संध्याकाळी सवयीने सीडीचे मशीन सुरू केले. आत काही नव्हते. मग बातम्या पाहिल्या.

हलका धान कापणीला आला आहे. सकाळी दव होते.

२३ ऑक्टोबर

पुनमचा गडचिरोलीहून फोन आला. सीड्या गेल्या हे तिला प्रफुलने सांगितले होते. हसून म्हणाली, "मंग आता तुमी काय पाहता बाबा? तसंही तुमी पाहतच कुठी होते. नुसता मेनू लावून बसता. किती वेळा सांगतलं, प्ले दाबा, पिक्चर त्याच्या पुढं हाय."

तिला वाटते मला मशीन कळत नाही. मला प्ले कळते.

सीडी टाकली की आधी मेनू येतो. एका बाजूला नावे असतात: हळद, लगन, पंगत, विदाई. मागे एक छोटे चित्र हलत राहते आणि सनई वाजते. चित्र संपले की तेच पुन्हा सुरू होते. आपण बटण दाबेपर्यंत ते थांबत नाही.

वच्छला फक्त मेनूत आहे. पुढच्या पिक्चरमध्ये ती नाही. आमच्याकडे मुलीची आई लग्न लागताना पाहत नाही, मागच्या अंगणात तुळशीला पाणी घालत उभी राहते. मुलाची आई वरातीबरोबर जात नाही, घरीच थांबते. म्हणून दोन्ही लग्नांत ती कुठे दिसत नाही. उरलेला वेळ ती चुलीजवळ होती आणि तिकडे कॅमेरा कशाला जाईल? माझ्या सत्कारात साडी घ्यायला स्टेजवर आली, पण मान खाली आणि डोक्यावर पदर. चेहरा दिसत नाही.

पुनमच्या मेनूत ती तुळशीपाशी लोटा घेऊन उभी आहे. वळते, कॅमेरा दिसतो, जा जा म्हणून हात करते आणि पदरात तोंड लपवून हसते. प्रफुलच्या मेनूत वरात निघून गेल्यावर ओट्यावर पाय पसरून एकटी बसली आहे आणि विंजण्याने वारा घेत आहे. सत्काराच्या मेनूत बायकांच्या खुर्च्यांत बसून समोर पाहत आहे.

प्रफुलला सीड्यांची आवड नाही. मेनू लागला की त्याला बाहेरचे काम आठवते. दिवाळीत दोनदा गाडीची हवा पाहून आला.

हे सगळे मी कोणाला सांगितलेले नाही. सांगण्यासारखे काही नाही. धान संशोधन केंद्रात नोकरीभर रोजची नोंद लिहिली, पाऊस किती झाला, रोप किती वाढले, कीड कुठे लागली. ती सवय सुटली नाही म्हणून इथे लिहितो.

२ नोव्हेंबर

प्रफुल आला. चंद्रपूरच्या एका दुकानात काम करून घेतले. नवीन सीडी स्वतःच लावून दाखवली. लावल्याबरोबर एकदम मंडप सुरू झाला.

मी विचारले, "मेनू?"

"नाई ठेवला. आता डायरेक्ट चालू होते. तुमाले दाबादाबीची झंझट नाई."

मी चांगली झाली म्हटले. त्याने माझ्याकडे पाहिले, मग टीव्हीकडे पाहत राहिला. पुनमची हळद झाली, लग्न लागले, पंगत उठली. लगेच त्याची वरात सुरू झाली. मध्ये कुठेही थांबायला जागा नाही. शेवटी सत्कारातली भाषणे झाली आणि पडदा निळा झाला.

दुकानदाराने न विचारताच मेनू काढला असावा. हल्ली लोक काम करताना विचारत नाहीत.

"अन् जुन्या?"

"घरी ठेवल्या. आता काय करता त्याईचं?"

तो जेवून गेला.

६ नोव्हेंबर

प्रफुलला रोज फोन करायचे ठरवत होतो. काय सांगून मागायच्या हे सुचत नव्हते. एका म्हाताऱ्याला तीन घासलेल्या सीड्या कशाला पाहिजेत? सून काय म्हणेल? लोकांचे आईबाप जातात, बायका जातात, ते काही टीव्हीसमोर बसून राहत नाहीत. शेजारचे झाडूजी बायको गेल्यावर आठव्या दिवशी बांधावर गेले होते.

आज केला.

"त्या जुन्या सीड्या पाठवून दे."

"काऊन?"

"असू दे."

मला वाटले फोन कटला. मग म्हणाला, "कंडक्टरजोळ देतो. उद्या दुपारच्या बसले जा."

७ नोव्हेंबर

स्टँडवर गेलो. कंडक्टरने पुडके दिले. "काय जी काका, मिठाई हाय का?" म्हणाला. वर्तमानपत्रात गुंडाळून आत तिन्ही सीड्यांना नवीन प्लास्टिकची कव्हरे घातली होती, प्रत्येकीवर नाव लिहिले होते. अक्षर प्रफुलचे. काय करता म्हणणाऱ्याने नवीन कव्हरे कशाला विकत घेतली कळत नाही.

घरी येऊन पुनमची लावली. मशीन घरघरले आणि डिस्क नाही असे दाखवले. पुसून पुन्हा लावली. तेच. बाकीच्या दोन लागतात. पुनमची लागत नाही.

जेवलो नाही. भूक नव्हती.

९ नोव्हेंबर

बसने मूलला गेलो. आरिफचे दुकान बाजारातच आहे. तिन्ही कार्यांचे शूटिंग त्यानेच केले होते. तेव्हा त्याच्याकडे लग्नांच्या तारखा मिळत नसत. आता पासपोर्ट फोटो आणि मोबाइलचे रिचार्ज जास्त. मला पाहून खुर्ची पुसली.

"या काका, बसा. काकूचं समजलं होतं मले. येणं नाई झालं, माफ करजा."

मी सीड्या पुढे ठेवल्या. तिन्हींची एक करून पाहिजे म्हटले. चंद्रपूरची दाखवली.

"हे तं झाली हाय नं मंग."

"मेनू नाही त्यात."

"मेनूचं काय करता? कोणीच नाई ठेवत काका. नुसतं पिक्चर जोडाले अर्धा दिवस लागते. मेनूसकट म्हणसान तं डोक्याले ताप हाय." मग त्याने समजावून सांगितले. मेनूच्या प्रत्येक बटणात एक पत्ता असतो, की दाबल्यावर सीडीवर अमुक नंबरच्या जागी जा. तिन्ही एकात घातल्या की सगळे नंबर बदलतात आणि बटणे जुनेच पत्ते धरून बसतात. "ग्रामपंचायतीनं घराचे नंबर बदलले अन् पोस्टमन जुनाच, तसं होते."

"तरी मेनूसकट पाहिजे."

"तसा मेनू नवा बनवून देतो जी. मस्त गुलाबाची फुलं टाकतो, तुमच्या दोघाईचा फोटो टाकतो."

"जुनाच पाहिजे. जसा आहे तसा."

त्याला माझे कळले नाही. मला सांगता आले नाही. तो आधी पुनमची सीडी मशीनमध्ये घालून पाहू म्हणाला. लागली नाही. दुसऱ्या मशीनमध्येही नाही. उन्हात धरून पाहिली. "वरचा थर जाऊन राह्यला, काका. स्वस्तातल्या होत्या तेव्हाच्या." मी मूळ कॅसेट आहे का विचारले. त्याच हंगामात दुसऱ्या लग्नाला वापरली म्हणाला. कॉम्प्युटरवरचे तर केव्हाच पुसले.

मी बसून राहिलो. दोन माणसे रिचार्ज करून गेली. मग आरिफ आतल्या खोलीत गेला आणि धूळ खात पडलेला जुना कॉम्प्युटर घेऊन आला. "याच्यावरच बनवली होती. जेनं लिहिली तेच वाचते कधी कधी. पाहू." त्याच्या अम्मीने चहा आणला. ते मशीन खडखड करत होते. निम्मा चहा झाल्यावर पडद्यावर सनई वाजली.

वच्छला लोटा घेऊन उभी होती.

आरिफ म्हणाला, "अरे, हे तं काकू."

मी पडद्याकडेच पाहत होतो. तिने हात केला, आणि हसण्यापाशी चित्र अडकले. थोडे थांबून पुन्हा पहिल्यापासून सुरू झाले. आरिफने माझ्याकडे पाहिले आणि सनईचा आवाज कमी केला. म्हणाला, "ठेवतो काका. मेनूसकट ठेवतो. पहिले हे उतरवून घेऊ, पुन्हा लागन का नाई सांगता नाई येत."

उतरली. हसण्यापाशी अडकते ते तसेच राहिले. तिथला थर गेला आहे, ते काढता येणार नाही म्हणाला.

परतीच्या बसमध्ये बसायला जागा मिळाली.

१५ नोव्हेंबर

आरिफने बोलावले म्हणून मूलला गेलो. तीन मेनू एका सीडीवर आले आहेत. आधी एक नवे पान येते, त्यात तिन्ही नावे. नाव दाबले की त्याचा जुना मेनू. तिघींना पाहिले. म्हणजे तिन्ही ठिकाणी तिला.

बटणांचा घोटाळा मात्र झाला आहे. आरिफने पुनमची हळद दाबली तर माझ्या सत्कारातले साहेब धानावरच्या तुडतुड्यांवर बोलू लागले. पुढे विदाई दाबली तर प्रफुलच्या लग्नातले लोक पंगतीत मठ्ठा मागत होते. आरिफ डोके धरून हसला. "लगन दाबून पाहा काका, काय लागते तं." दाबले. मीच लागलो. हार घालून हात जोडून उभा. मलाही हसू आले. घरात कोणी ऐकायला असते तर जाऊन सांगितले असते.

दुसरी अडचण मोठी आहे. तिन्ही पूर्ण पिक्चर एका सीडीत मावत नाहीत. चंद्रपूरवाल्याने दाबून दाबून भरले म्हणून त्यात तोंडे चौकोनी दिसतात. दुप्पट मावणारी सीडी मिळते, पण ती माझ्या मशीनला चालत नाही.

आरिफ म्हणाला, "कशाले तरी काट मारा लागते. मेनू नका म्हणू, तो इतकुसाच राह्यते, त्यानं काई फरक नाई पडत. पिक्चरमधलं सांगा."

विचार करून सांगतो म्हटले.

१६ नोव्हेंबर

पुनमचे काही काढता येत नाही, तिच्या सासरचे लोक पाहतील. प्रफुलचे काढले तर सून काही बोलणार नाही, पण तिच्या लक्षात राहील. माझा सत्कार काढता येतो.

वाईट एवढ्याचेच वाटते की साहेब त्या दिवशी चांगले बोलले होते. पत्रूजी गुरनुले यांची नोंद कधी चुकली नाही असे ते म्हणाले होते. साहेब आता नागपूरला असतात. त्यांना कळणार नाही.

१८ नोव्हेंबर

आरिफला सांगितले, सत्काराची भाषणे काढून टाक. मेनू ठेव.

"तुमचाच सत्कार हाय काका! लोक मेनू काढून पिक्चर ठेवते, तुमी उलटंच करून राह्यले." मग थोड्या वेळाने म्हणाला, "खरं सांगू का, काकू सगळी कापलेल्यातच होती. गिऱ्हाईक म्हणे मंडप दाखव, आमचे पाहुणे दाखव. बाकीचं पडून राहे. मेनूले मी तेच लावो. पिक्चरमधलंच लावलं तं लोक म्हणत, एकच दोनदा दाखवून पैसे घेते." बोलल्यावर त्याला वाईट वाटले असावे. म्हणाला, "म्हणसान तं तिन्ही मेनूतली काकू काढून येगळी फिल्म बनवून देतो. गाणं टाकून."

नको म्हटले. फिल्म संपते.

त्याने सत्काराचा मेनू लावून तपासला. वच्छला खुर्चीत बसून समोर पाहत आहे. जवळच्या पोराने काही विचारले तरी तिचे लक्ष नाही. मी म्हटले, ही इतके काय पाहत होती कोण जाणे. स्टेज तर यात दिसत नाही. त्या वेळी कोणाचे भाषण चालू होते कुणास ठाऊक.

आरिफ म्हणाला, "भाषण नोयतं जी काका. तुमी उठले होते, बोलाले."

बरोबर असेल. मी दोनच वाक्ये बोललो होतो.

२७ नोव्हेंबर

आरिफने पाहुण्यांना पुरतील इतक्या सीड्या दिल्या. बटणे बरोबर लागतात. घरी मशीनवर लावून पाहिली. लागली. प्रफुलने आणलेल्या चंद्रपूरच्या सीड्या आधीच डब्यांत भरून ठेवल्या होत्या. त्या काढून या घातल्या. प्रफुलला काय सांगायचे ठरवले नाही. त्याने मेहनत केली होती, आता बापाने न विचारता बदलले म्हणून त्याला राग येईल. आला तर ऐकून घेईन.

२ डिसेंबर

वर्षश्राद्ध झाले. भटजी वेळेवर आले. पान वाढले, पंगत बसली. भात बरा झाला होता.

जेवणानंतर बायका आतल्या खोलीत टीव्हीसमोर बसल्या. वच्छलाची मोठी बहीण बायनाबाई म्हणाली, "लावा जी भाऊजी, काय सीडी-बिडी बनवली म्हणते तं." मी लावली. प्रफुल दाराजवळ उभा होता. तीन नावांचे पान आले तसे त्याला कळले. माझ्याकडे पाहिले. मी पुनमचे नाव दाबले.

सनई वाजली. तुळस दिसली.

"अवो माय!" बायनाबाई ओरडली. "आमची वच्छी होय हे! हे कुठी होती आतापर्यंत?"

पुनम माझ्याजवळ बसली होती. तिने माझ्या हातातले रिमोट हळूच घेतले आणि दूर ठेवून दिले.

प्रफुल बाहेर जायला वळला, पण उंबऱ्यावर बायका बसल्या होत्या. कोणी उठले नाही. सगळ्यांचे डोळे टीव्हीकडे. तो तिथेच उभा राहिला.

चित्र फिरून फिरून येत होते. बायनाबाई दर वेळी सांगू लागली, "आता वळते पाह्य. आता हाकलते. हाकललं! आता हासन." वच्छला हसायची आणि तिथे थोडी थांबायची. "थांबली," बायनाबाई म्हणायची. बायका हसल्या. एक म्हणाली, माह्या लग्नातले अनरसे तिनंच तळले होते. दुसरी म्हणाली, मले तं विहिरीवर अशीच हाकलत होती. दोघी एकदम बोलू लागल्या.

मागून एक पाहुणा म्हणाला, "अरे पुढं लावा नं, पिक्चर सुरू करा." रिमोट हातोहात करत प्रफुलकडे गेले. मला वाटले तो आता दाबेल. तो कधीच थांबत नाही.

तो रिमोट घेऊन उंबऱ्यावरच बायनाबाईच्या मागे खाली बसला.

"दाब नं रे," पाहुणा म्हणाला.

"राहू द्या जी मामा," प्रफुल म्हणाला. "पाहू द्या."

लाइन गेली तोपर्यंत तेच चालू होते. पिक्चर कोणी पाहिले नाही. जाताना लोकांना डबे दिले.

३ डिसेंबर

सकाळी प्रफुल निघाला. गाडीला पिशवी बांधत होता. म्हणाला, "आरिफवाली एक सीडी मले पायजे."

"तुझ्याकडे चंद्रपूरची आहे ना."

"ते नको. मेनूवाली."

डबे सगळे वाटून झाले होते. माझ्या मशीनमधली काढून दिली. मी म्हटले, चंद्रपूरच्या दुकानदाराने विचारले असते तर एवढे झालेच नसते. पुढे त्याच्याकडे काम देऊ नको.

प्रफुल दोरीची गाठ सोडून पुन्हा मारत होता. "त्यानं विचारलं होतं, बाबा," म्हणाला.

सून मागे बसली. ते गेले.

आरिफला फोन करून माझ्यासाठी दुसरी सांगितली. शनिवारी ये म्हणाला.

९ डिसेंबर

संध्याकाळी प्रफुलचा फोन आला. तो सहसा रविवारी करतो. आज बुधवार. जेवण झाले का विचारले. मळणी होऊन धान चुरून झाला का विचारले. आपला धान नाही हे त्याला माहीत आहे, शेजारच्यांचा म्हणून विचारले असेल. झाला म्हटले.

मग म्हणाला, "बाबा, लावली."

"बरं. लागते ना नीट?"

"हव. लागते."

आतून सून विचारत होती, प्ले दाबू का म्हणून. तो नको म्हणाला. फोनमधून सनई ऐकू येत होती. वाजत होती, थोडी थांबत होती, पुन्हा पहिल्यापासून सुरू होत होती. थांबते तिथे ती हसत असते.

त्याने फोन ठेवला नाही, म्हणून मीही ठेवला नाही.